भीतीची पावती

माणसाला सर्वांत जास्त भीती कुठे वाटते, असं मला कोणी विचारलं तर स्मशान, दंतवैद्याची खुर्ची आणि सासुरवाडी ही तिन्ही ठिकाणं वगळून मी चौथ्याच ठिकाणाचं नाव घेईन. ते ठिकाण म्हणजे नवी वस्तू घेतल्यावर पैसे भरण्याची खिडकी. जुन्या वस्तूची माणसाला भीती वाटत नाही. आमच्या घरातला मिक्सर आमच्या लग्नात आहेर म्हणून आला. त्याला आता वीस वर्षं झाली. चालू करताना त्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरावं लागतं आणि बंद करताना बटणाचा उपयोग होत नाही, प्लगच उपटावा लागतो. पण 'उद्या हा बिघडला तर?' या विचारानं आमच्या घरात आजवर कोणाची झोप उडालेली नाही. नव्या वस्तूचं तसं नाही. ती खोक्यातून बाहेर यायच्या आधीच तिच्या मरणाची चर्चा सुरू होते.

जुलै २०२४ मध्ये आमची कन्या बी.एस्सी. आयटीला गेली. आमच्या घराण्यातली सायन्सच्या बाजूला वळलेली ही पहिलीच व्यक्ती. त्यामुळे 'लॅपटॉप लागेल' असं तिनं म्हटल्यावर 'का?' असं विचारण्याची माझी शैक्षणिक पात्रताच नव्हती. आम्ही तिघं डोंबिवलीहून ठाण्याला एका चकचकीत दुकानात गेलो. तिथल्या विक्रेत्या मुलानं आम्हांला पाऊण तास एका लॅपटॉपचे गुण ऐकवले. कर्णाच्या कवचकुंडलांनाही त्यानं तेवढी दाद दिली नसती. "सर, मशीन एकदम दणकट! पाच वर्षं बघायला नको. माझ्या स्वतःच्या बहिणीला हेच घेऊन दिलंय." किंमत ५९,९९० रुपये. मी मनातल्या मनात साठ हजार म्हटलं, कारण ते दहा रुपये कोणत्याही दुकानातून माझ्याबरोबर घरी आल्याचं मला आठवत नाही.

मी खिशातून कार्ड काढलं आणि त्या मुलाचा चेहराच बदलला. डॉक्टर ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येऊन नातेवाइकांकडे बघतात तसा तो माझ्याकडे बघू लागला. आवाज खाली आणून म्हणाला,

"सर, कंपनीची वॉरंटी एकच वर्षाची आहे. पुढची दोन वर्षं एक्स्टेंडेड टाकू ना?"

"किती?"

"फक्त आठ हजार चारशे नव्व्याण्णव. सर, मदरबोर्ड गेला तर वीस हजार जातात!"

पाच मिनिटांपूर्वी जे यंत्र वज्रदेही होतं, ते आता अतिदक्षता विभागात दाखल झालं होतं. मी म्हटलं, "अरे, तूच म्हणालास ना, पाच वर्षं बघायला नको?" तो म्हणाला, "ते बरोबर आहे सर, पण मशीनचं काय सांगता येतं?"

आता बोला! वस्तू चांगली असेल तर वाढीव हमी कशाला, आणि वाईट असेल तर ती माझ्या गळ्यात कशाला? पण हा युक्तिवाद करायला ती जागा चांगली नसते. मागे रांग उभी असते. रांगेतल्या गृहस्थानं सोडलेला सुस्कारा आपल्या मानेवर येतो. कन्या 'बाबा, प्लीज' या अर्थानं बघत असते. आणि सौभाग्यवती म्हणते, "घेऊन टाका हो. साठ हजार घातलेत, तिथं आठ हजारांसाठी जीव टांगणीला कशाला लावायचा?"

या वाक्यातच या धंद्याची सगळी मेख आहे. भाजीवाल्यापाशी पाच रुपयांच्या कोथिंबिरीसाठी माणूस भर उन्हात दहा मिनिटं हुज्जत घालतो. पण साठ हजारांच्या शेजारी ठेवले की आठ हजार रुपये कोथिंबिरीच्या काडीसारखे दिसू लागतात. तेच आठ हजार घरी बसल्या बसल्या कोणी मागू दे, आपण त्याला चहासुद्धा न देता वाटेला लावू.

वाचकहो, मी बँकेत कारकून आहे. बी.कॉम. आहे, तोही सेकंड क्लासात. 'मर्कंटाइल लॉ'च्या पेपरात मला ४१ गुण होते. पण त्या ४१ गुणांत माल विक्रीचा १९३० सालचा कायदा येतो. त्याच्या बाराव्या कलमात दोन शब्द आहेत. एक 'कंडिशन', म्हणजे व्यवहाराचा कणाच असलेली अट; ती मोडली तर माल नाकारता येतो. दुसरा 'वॉरंटी', म्हणजे मुख्य हेतूला जोडून आलेली दुय्यम हमी. ती मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, माल परत घ्या म्हणता येत नाही. म्हणजे वॉरंटी हा शब्द जन्मतःच दुय्यम. या दुय्यम शब्दाला शेपूट लावून तो पुन्हा आठ हजारांना विकतात, आणि आपण ती शेपूट पकडून वैतरणी पार करू बघतो.

हे शहाणपण मला वाचून आलेलं नाही. आमच्या कपाटात एक हिरवी फाइल आहे. तिच्यावर माझ्याच सुवाच्य अक्षरात 'वॉरंटी' असं लिहिलेलं आहे. बारा वर्षांत मी सहा वाढीव हम्या विकत घेतल्या. फ्रिज, टीव्ही, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन आणि दोन मोबाइल. बेरीज २३,६४० रुपये. त्यातून परत आलेली रक्कम शून्य. पाच वस्तू हमीच्या काळात आजारीच पडल्या नाहीत. एका मोबाइलनं तर हमी संपल्यानंतर बाविसाव्या दिवशी मान टाकली. त्यानं कॅलेंडर बघून प्राण सोडला असावा असा मला आजही संशय आहे. सहावी वस्तू वॉशिंग मशीन. ती मात्र हमीच्या ऐन मध्यावर बंद पडली. मला इतका आनंद झाला, की मी फाइल हातात घेऊन तंत्रज्ञाची वाट बघत दारातच बसलो. त्यानं मशीन उघडलं, आत टॉर्च मारला आणि म्हणाला, "काका, उंदरानं वायर खाल्लीय."

"मग?"

"उंदीर कव्हर होत नाही."

मी फाइल उघडली. तिसऱ्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिहिलेलं होतं, की किडे, झुरळं आणि कुरतडणारे प्राणी यांच्यामुळे झालेलं नुकसान या करारात येत नाही. म्हणजे कारखान्यात राहिलेला दोष तेवढाच त्यांचा. डोंबिवलीचा उंदीर माझा! वायर बदलायला साडेसातशे रुपये पडले. ते मीच दिले. गाडीभाडं वेगळं.

ठाण्याच्या त्या खिडकीपाशी मी तोच कागद मागितला. "आधी वाचायला दे." मुलाला हे नवीन होतं. हमी विकत मागणारे त्यानं पुष्कळ पाहिले असतील, वाचायला मागणारा नसावा. कागद शोधायला त्याला दहा मिनिटं लागली. मी चष्मा लावला. लॅपटॉप पडला, आपटला, पडदा फुटला – नाही. पाणी, चहा, कुठलाही द्रव – नाही. बॅटरी – नाही. ती झिजणारी वस्तू. चार्जर – नाही. चोरी – नाही. आतली माहिती उडाली – नाही. विजेचा दाब वरखाली झाला – नाही. आणि भरपाईची कमाल मर्यादा म्हणजे घसारा वजा जाता उरलेली किंमत.

आता विद्यार्थ्याचा लॅपटॉप मरतो कशानं, ते बघा. तो लोकलमध्ये चेपतो, पलंगावरून पडतो, त्याच्यावर चहा सांडतो, त्याची बॅटरी दमते. म्हणजे ज्या ज्या रोगांनी हा रोगी मरण्याचा संभव आहे, ते सगळे रोग वगळून उरलेल्या रोगांसाठी हे औषध होतं.

घसाऱ्याचं नाव निघाल्यावर मात्र माझ्यातला कॉमर्सवाला जागा झाला. आयकराच्या नियमांत २०१७-१८ पासून संगणकाचा घसारा वर्षाला ४० टक्के. तोच दर लावला तर साठ हजारांचा लॅपटॉप पहिलं वर्ष संपताना ३६,००० चा, दुसरं संपताना २१,६०० चा आणि तिसरं संपताना १२,९६० चा. वाढीव हमी सुरू होते दुसऱ्या वर्षापासून. म्हणजे पैसे आज भरायचे रोख, पाहारा सुरू होणार वर्षभरानं, आणि तिजोरीतला माल तोवर निम्म्याच्या जवळ आलेला! कुठला गुरखा असा पगार मागतो?

बरं, यंत्र बिघडतं तरी कधी? अभियंते लोक यासाठी एक रेघ काढतात आणि तिला बाथटब कर्व्ह म्हणतात. आमच्या घरात बाथटब नाही, त्यामुळे मी तिला घंगाळरेषा म्हणतो. घंगाळाचा एक काठ उंच, मधे सपाट तळ, पुन्हा दुसरा काठ उंच. यंत्रात जन्मजात खोड असली तर ती बहुधा पहिल्या काही महिन्यांत बाहेर येते. तो पहिला काठ. मग यंत्र निमूटपणे चालतं. तो तळ. शेवटी झिजून झिजून बिघाड वाढतात. तो दुसरा काठ. पहिल्या काठापाशी कंपनीची फुकट हमी उभी असते. दुसरा काठ येईपर्यंत वाढीव हमी बऱ्याचदा संपलेली असते. आपण आठ हजार रुपये भरतो ते मधल्या सपाट तळाचे.

आकडे मांडायचे तर असे. ८,४९९ रुपयांत वीस हजारांचा मदरबोर्ड वसूल व्हायचा असेल, तर अशा शंभर लॅपटॉपपैकी बेचाळीस-त्रेचाळीस लॅपटॉपांचे मदरबोर्ड त्या दोन वर्षांत जायला हवेत. तसं होत असेल तर ते दुकान चालूच कसं राहिलं असतं? ही हमी विकणारा माणूस वेडा नाही. त्याला बिघाडाचं प्रमाण ठाऊक आहे, त्याच्या वर दुकानाचं कमिशन आहे, कचेरीचा खर्च आहे, नफा आहे. आणि त्या ८,४९९ मध्ये १८ टक्क्यांनी १,२९६ रुपये जीएसटीही आहे. म्हणजे माझ्या भीतीवर सरकारसुद्धा कर घेतं.

आता तुम्ही म्हणाल, मग विमाच कशाला काढायचा? थांबा. मी विम्याच्या विरुद्ध नाही. माझा मुदतीचा आयुर्विमा आहे, आम्हां तिघांचा आरोग्य विमा आहे, आणि त्याचे हप्ते मी पगार झाल्याबरोबर भरतो. कारण मी गेलो किंवा कोणी महिनाभर इस्पितळात पडलं, तर ते नुकसान माझ्या पासबुकाला झेपणार नाही. जे संकट आपल्याला मोडून टाकील, ते हजारो माणसांत वाटून घ्यायचं, यासाठी विमा आहे. कीबोर्ड जाणं हे संकट नाही, तो खर्च आहे. त्याला संकटाचे कपडे घालून आपल्यापुढे उभं केलं जातं, इतकंच.

"पण मनाची शांती?" असं सौ.नं तिथंच विचारलं. शांतीची गोष्ट खरी आहे. पण ती कागद वाचेपर्यंतच टिकते. आणि कंपनीच्या वर्षभराच्या हमीत शांती मिळत नसेल, तर आणखी दोन वर्षांनी तरी ती कशी मिळणार? तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी आपण पुन्हा तिथंच.

एवढं सगळं मी त्या खिडकीपाशी बोललो नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. मी बोललो असतो तर मागच्या गृहस्थानं मला उचलून बाहेर ठेवलं असतं. मी गप्प होतो. खरं म्हणजे मी 'हो' म्हणायच्याच बेतात होतो. मला अडवलं ते त्या मुलाच्या दोन शब्दांनी. तो पुन्हा म्हणाला, "टाकू ना, सर?"

ते शब्द माझे होते!

दोनच आठवड्यांपूर्वी, जूनअखेरच्या टार्गेटच्या धामधुमीत, एक निवृत्त शिक्षिका आमच्या शाखेत आल्या होत्या. वय एकाहत्तर. मुदत ठेव संपली होती, ती पुढे चालू करायची, एवढंच काम. मी त्यांना सांगितलं, "बाई, ठेवीचे व्याजदर काय, वरखाली होतात. त्यापेक्षा ही पॉलिसी बघा. वर्षाला पन्नास हजार, दहाच वर्षं. उद्याचं काय सांगता येतं? टाकू ना?" बाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला. चष्मा घरी राहिला होता. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू सांगतोयस ना, बाळ? मग टाक." फॉर्म पलीकडच्या टेबलावरच्या साहेबांनी भरला. 'टाकू ना' मात्र माझं होतं. एकाहत्तराव्या वर्षी दहा हप्ते! हे गणित करायला बी.कॉम.सुद्धा लागत नाही. पण त्या दिवशी आमच्या शाखेच्या फळ्यावरचा आकडा एकानं वाढला आणि मॅनेजरसाहेबांनी माझ्यासाठी खास चहा मागवला.

खिडकीच्या अलीकडे उभं राहिल्याशिवाय पलीकडे आपण काय बोलतो ते ऐकू येत नाही. त्या मुलाचा मला राग आला नाही. त्याच्याही दुकानात कुठेतरी फळा असणारच. त्यानं त्याच्या बहिणीला खरंच ती हमी घेऊन दिली होती का, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण उत्तर मला माहीत होतं आणि त्यालाही. मी म्हटलं, "नको टाकूस." त्यानं दुसऱ्यांदा आग्रह केला नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी बाईंना फोन केला. पॉलिसीचा कागद हाती आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते, याला फ्री-लूक म्हणतात. २०२४ च्या नियमांनी ही मुदत तीस दिवसांची झाली. हे मी त्यांना विकताना सांगायला हवं होतं, ते परत करताना सांगितलं. अर्ज मीच लिहून दिला. मुद्रांक वगैरेची थोडी रक्कम कापून बाकीचे पैसे त्यांना मिळाले आणि ठेव पूर्ववत झाली. मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. तिथं चहा नव्हता. ऑगस्टमध्ये शाखेतल्या गुणवंतांचा सत्कार झाला, त्यात माझं नाव नव्हतं. नारळ वाचला.

हे सगळं ऐकून कोणी मला तत्त्वनिष्ठ वगैरे म्हणू नये, म्हणून माझ्या मताला असलेली ठिगळंही दाखवतो. ज्याचं पोटच लॅपटॉपवर आहे आणि ज्याला एक दिवसाचा खोळंबा परवडत नाही, त्यानं घरी येऊन दुरुस्ती करणारी हमी खुशाल घ्यावी. तो खर्च धंद्याचा आहे. ज्याचं पोर वस्तू हमखास पाडतं, त्यानं पडझडीचं, सांडलवंडीचं संरक्षण आहे का, ते विचारावं. ते वेगळं असतं आणि बऱ्याचदा तेच कामाचं असतं. आणि घ्यायचीच असेल, तर खुद्द उत्पादक कंपनीची घ्यावी. अनेक कंपन्या मूळ हमी संपेपर्यंत ती घेऊ देतात. म्हणजे अकरा महिने यंत्राचा स्वभाव पाहून ठरवता येतं. त्या खिडकीपाशीच निकाल लावायची घाई दुकानाला असते, तुम्हांला नाही. राहता राहिला वस्तूतला मुळातला दोष. त्यासाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्कही नाही. तक्रार मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. हे संरक्षण आठ हजार चारशे नव्व्याण्णव रुपये न भरताही आपलंच आहे.

त्या ८,४९९ रुपयांचं मी काय केलं? दुसऱ्याच दिवशी आमच्याच शाखेत वेगळं खातं उघडून त्यात भरले. हिरव्या फाइलवरचं 'वॉरंटी' खोडून 'आमची वॉरंटी' असं लिहिलं. या हमीत उंदीर येतो, झुरळ येतं, चहाही येतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये, म्हणजे पंधराव्या महिन्यात, चहा आलाच. कन्येनं अभ्यास करता करता अर्धा कप कीबोर्डवर ओतला. घरात एकदम शांतता पसरली. सौ.नं माझ्याकडे असं पाहिलं, की चहा मीच ओतला! दुसऱ्या दिवशी ग्रँट रोडला उतरून मी लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यानं यंत्र उघडलं, पुसलं, कीबोर्ड बदलला. ३,८०० रुपये. खात्यात उरले ४,६९९. ते करारपत्र घेतलं असतं तर हे ३,८०० शिवाय गेलेच असते, कारण 'कुठलाही द्रव – नाही.'

मदरबोर्ड गेला असता तर? तर वीस हजारांचा फटका बसला असता आणि हा लेख मी लिहिला नसता. हेही कबूल करतो. पण त्या पैजेत पत्ते कोणाच्या हातात आहेत, हे पाहूनच मी बसलो होतो.

आता एकच अडचण उरली आहे. तेव्हापासून लॅपटॉप जरा हळू चालला, पडदा क्षणभर काळा झाला, की घरातली दोन्ही माणसं काही न बोलता माझ्याकडे बघतात. दुकानाच्या हमीला निदान मुदत तरी होती. माझी हमी तहहयात आहे, आणि तिच्या कागदावर बारीक अक्षरातलं एकही कलम नाही.